देणगीदाराला अनाथाश्रम बांधायचाय, पण आमच्या पोरांना आया आहेत

पूर्वभागातली

नमस्कार मंडळी. एरवी मी इथं पाककृती वाचायला येते आणि गुपचूप जाते. आज अडचण घेऊन आलेय. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आम्ही सोलापुरात अक्कलकोट रोडच्या बाजूला राहतो. आठ बायकांचं भजनी मंडळ आहे, दर गुरुवारी स्वामींची आरती आणि नंतर प्रसादाची खिचडी. सहा वर्षांपूर्वी ध्यानात आलं की आरतीला माणसं वीस आणि प्रसादाला पोरं चाळीस. आरती चालू असताना पोरं बाहेर चपलांपाशी बसायची, कापूर पेटला की उठून ओळ धरायची. आमच्यातल्या एकदोघींना राग यायचा. मलाही यायचा, खोटं कशाला बोलू.

मग एका गुरुवारी एक सहा-सात वर्षांचा पोरगा द्रोण हातात धरून नुसताच बसला. खा की रे, म्हटलं. तर म्हणतो, "गार होऊ द्या की आक्का, गरम घातली की पिशवी फाटती." खिशातून दुधाची रिकामी पिशवी काढली, धुतलेली, घडी घातलेली. घरी दोन वर्षांची बहीण होती. घडी रोजचीच असणार, कडेला पिशवीवरची छपाई उडून पांढरी रेघ पडली होती.

तेव्हापासून गुरुवारचं रोजचं झालं. देवळाच्या सभामंडपात दुपारी चार ते सात पोरं येतात. आधी खाणं, मग अभ्यास, मग आरती करायची त्याला आरती, नाही त्याला खेळ. पटावर आज अडतीस जण आहेत. आया विड्या वळतात, यंत्रमागावर कांड्या भरतात, टॉवेलाला शिलाई मारतात, चौघीजणी कचरा-भंगार वेचतात. बाप काही वारलेले, काही भिवंडीला गेले ते गेलेच, काही असून नसल्यासारखे. दहा बाय दहाची खोली, त्यात सात माणसं. नऊ वर्षांची मुलगी आईच्या सुपाशेजारी बसून विड्यांची तोंडं बंद करते आणि तोच हात आमच्याकडे घासाला घालते. साबणानं दोनदा धुतला तरी तंबाखूचा वास जात नाही.

आता अडचण. मूळचे इथले, पुण्यात चांगला जम बसलेले एक भक्त आहेत. त्यांना आईच्या स्मरणार्थ कुंभारीकडं दहा गुंठ्यांत अनाथाश्रम बांधायचाय. इमारत, पलंग, गणवेश सगळं त्यांचं. पोरं आमची. पण या अडतिसांत आई नसलेली फक्त दोन आहेत, आणि ती आजीजवळ आहेत.

मंडळात दोन तट पडलेत. आमच्या सगळ्यांत वडील बाई म्हणतात, स्वामी ताटात वाढतायत, हात आखडू नका. मलाही आधी तसंच वाटलं. म्हणून एका आईला हौसेनं सांगायला गेले, अगं, तुझ्या पोराची राहायची सोय होणार. तिनं सुपातून मान वर केली आणि एवढंच विचारलं, "मला कवा भेटू देणार?" पुढचे तीन दिवस पोरगा आला नाही.

काय करावं? अनुभवी लोकांनी सांगा.

हुरडा_पार्टी

ताई, आधी तुमच्या मंडळाला साष्टांग नमस्कार. माझं मत विचाराल तर बांधून टाका. दहा बाय दहात सात जणांत राहून पोरगं कसलं शिकतंय? आश्रमात निदान पंखा, पलंग, वेळेवर जेवण. आईला रविवारी भेटू द्या, झालं. माझ्याकडून ५००० पक्के.

परिवीक्षा_निवृत्त

महिला व बालविकास खात्यात परिवीक्षा अधिकारी म्हणून नोकरी झाली, आता जुळे सोलापुरात निवांत आहे. हुरडा यांचे ५००० घ्या, सल्ला घेऊ नका.

आधी कायदा. बाल न्याय अधिनियम, २०१५. मुलांना राहायला ठेवणारी कुठलीही संस्था, मग ती देवस्थानाची असो, मदरशाची, चर्चची की तुमच्या मंडळाची, कलम ४१ खाली नोंदवावीच लागते. नोंदणीशिवाय चालवली तर कलम ४२: एक वर्षापर्यंत कैद किंवा लाखाच्या खाली नाही असा दंड, किंवा दोन्ही. नोंदणी झाली म्हणजे तुम्ही मनानं पोरं भरती करू शकता असंही नाही. काळजी-संरक्षणाची गरज असलेलं मूल चोवीस तासांत बालकल्याण समितीसमोर न्यावं लागतं आणि त्यानं कुठं राहायचं ते समिती ठरवते. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, हे कायद्याच्या मूळ तत्त्वांतच लिहिलंय.

आता कायद्याबाहेरचं. नोकरीत असताना एका भल्या माणसानं चालवलेल्या आश्रमात तपासणीला गेलो होतो. नाव-गाव सांगत नाही. माणूस खरोखर भला होता, स्वतः पोरांच्या पंगतीत जेवायचा. भिंतीवर देणगीदारांचे फोटो, मुलांच्या छातीवर ‘अनाथ’ असं छापलेले बनियन. एकेकाला विचारत गेलो तर बहुतेकांची आई किंवा बाप जिवंत. एक मुलगी म्हणाली, सर, पाहुणे आले की आईबद्दल बोलायचं नसतं. कुणी मारत नव्हतं, उपाशी ठेवत नव्हतं. पण आई असताना आई नाही म्हणायला शिकवलं होतं. त्यापुढं पंखा आणि पलंग काय करायचेत?

ताई, तुमच्या पोरांसाठी शासनाच्या दोन योजना बघा. एक क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना, महिना २२५० रुपये. दुसरी मिशन वात्सल्यमधलं प्रायोजकत्व, महिना ४०००. बाप वारलेला, सोडून गेलेला, आई दुर्धर आजारी, अशा घरांसाठीच त्या आहेत, आणि मूल घरीच राहतं. दोन्ही एकदम मिळत नाहीत. कागद मात्र लागतात: उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, बापाचा मृत्यूचा दाखला, मुलाचा जन्माचा दाखला, बँकेचं खातं. तुमच्या मंडळातली लिहिता-वाचता येणारी एक बाई महिनाभर एवढ्याच कामाला लावा.

पूर्वभागातली

काका, जन्माच्या दाखल्यालाच घोडं अडतंय. निम्मी पोरं घरी जन्मलेली, नाहीतर आई बाळंतपणाला तेलंगणात माहेरी गेली, दाखला तिकडंच राहिला. एकीकडं आहे तर पोराच्या नावाची जागाच कोरी.

परिवीक्षा_निवृत्त

कोरं नाव सोपं आहे, जिथं जन्मनोंद तिथंच अर्ज करून भरून घेता येतं. नोंदच नसेल आणि वर्ष उलटलं असेल तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. वेळखाऊ आहे, अशक्य नाही. सोपी प्रकरणं आधी घ्या. चार घरांत पैसे सुरू झाले की बाकीच्या आया आपणहून कागद शोधतात. आणि पैसे एक तारखेला येतील या भरवशावर किराणा भरू नका.

तर्कटी

मी विरोधी सूर लावतो. पोटात भूक असलेल्या पोरासमोर आधी कापूर आणि मग खिचडी ठेवायची, याला सेवा म्हणायचं का? उद्या दुसऱ्या धर्माचा कुणी हेच करेल तर तुम्हीच धर्मांतर म्हणून ओरडाल. ही कामं महापालिकेची आणि शासनाची आहेत. भक्तीनं गरिबी हटत नाही, भक्ताला बरं वाटतं एवढंच.

पूर्वभागातली

तर्कटी दादा, बोचलं पण खोटं नाही. पहिलं वर्ष आम्ही आरतीनंतरच खिचडी द्यायचो. मग एका मुलीला आरतीत उभ्या उभ्या चक्कर आली. त्या दिवसापासून ताट आधी. आमच्यात मुसलमान पोरं नऊ आहेत, ती आरतीच्या वेळेला मागच्या अंगणात लंगडी खेळतात, आणि खरं सांगायचं तर आमची निम्मी त्यांच्यात जाऊन मिळतात. ओरडून ओरडून थकलो. बरं मला वाटतंच. वाटू नये का?

तारेआतली

वाचत होते, लिहिणार नव्हते. तर्कटींच्या प्रतिसादामुळं लिहिते.

माझी आजी सेटलमेंटमध्ये वाढली. नव्या लोकांसाठी सांगते, सोलापुरातल्या सेटलमेंटला आज नुसतं वस्तीचं नाव समजतात. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी ज्या जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं, त्यांना इथं तारेच्या कुंपणात ठेवलं होतं. हजेरी द्यायची, गिरणीत कामाला जायचं, परत येऊन हजेरी द्यायची. १९५२ ला कायदा उठला आणि आम्ही ‘विमुक्त’ झालो. काही काळ ही वसाहत अमेरिकन मराठी मिशनच्या लोकांनी सांभाळली होती. आजी त्यांच्या शाळेत अक्षर शिकली. बाईंनी तिच्या डोक्यातल्या उवा स्वतःच्या हातानं काढल्या, हे ती मरेपर्यंत सांगायची. आणि त्याच दमात, तार होती आणि बाई तारेच्या बाहेर राहायला जायची, हेही सांगायची. तिच्या मनात दोन्ही शेजारी शेजारी होतं. प्रेम खरं होतं, तारही खरी होती.

तेव्हा धर्म हवा की नको यावर मला भांडायचं नाही. जागेचं दार आतून उघडतं की बाहेरून, आणि आई कधीही येऊन पोराला घेऊन जाऊ शकते का, एवढंच मी बघते. तुमच्या मंडपाला दारच नाही, हे मला आवडलं. कुंभारीच्या इमारतीला फाटक असणार.

चादरवाला

अस्सलामु अलैकुम, नमस्कार. तारेआतली ताई, तुमचं वाचून हात थांबला थोडा वेळ.

मी नई जिंदगी भागातला. आमच्याकडच्या पैशाचं सांगतो. जकात म्हणजे वर्षभर शिल्लक राहिलेल्या मालमत्तेचा अडीच टक्के हिस्सा. बहुतेक लोक रमजानमध्येच काढतात. त्यामुळं होतं काय, की त्या महिन्यात विधवेच्या दारात चार चार किट येतात, तेलाच्या पिशव्या दुकानात परत विकायला जातात, आणि सफरमध्ये, म्हणजे पाच महिन्यांनी, तिच्याच पोराचं नाव फीसाठी शाळेच्या फळ्यावर. आम्ही काही जणांनी ठरवलं की हिस्सा रमजानला काढायचा, पण थोडा थोडा करून बारा महिने वाटायचा. मौलानांना विचारलं, ते म्हणाले, आगाऊ देत गेलात तर अडचण नाही. मग पुढच्या वर्षाचा हिस्सा आधीच दर महिन्याला द्यायला लागलो.

दुसरी गोष्ट तुमच्या देणगीदाराला सांगण्यासारखी आहे. आमच्या हनफी मसलकात, म्हणजे पंथात, जकातीचा पैसा इमारतीला लावता येत नाही, मशिदीलाही नाही. तो गरिबाच्या मालकीचा झाला पाहिजे, त्याच्या हातात पडला पाहिजे. लहानपणी मला हा नियम विचित्र वाटायचा. आता वस्तीत फिरताना पटतो. विटांना भूक लागत नाही ओ.

अडुसष्ट_लिंग

चादरवाला भाईंशी सहमत, आणि आपल्या लिंगायतांकडचंही तेच. दासोह म्हणजे दान नव्हे. दानात देणारा वर आणि घेणारा खाली असतो, दासोहात देणाराच दास. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी या गावात तळं खोदून घेतलं ते जनावरापासून सगळ्यांच्या पाण्यासाठी. आपण आता सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत भाग्यश्रीचे बटाटेवडे खातो आणि तळ्यात द्रोण टाकतो, तो भाग वेगळा.

कोजागरीला तुळजापूरच्या वाटेवर बघा. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरमध्ये पावलापावलाला मंडप, केळी, साबुदाणा, चहा. चालणारा नको नको म्हणतो तरी हातात कोंबतात. मीही वाटलंय, दोन क्विंटल केळी. पहाटे रस्ता सालांनी घसरडा झाला होता. तेव्हा मनात आलं होतं, ही केळी रोज दहा अशी वाटली असती तर किती वर्षं पुरली असती. हिशोब केला नाही, लाज वाटली.

चंद्रभागा_काठ

पंढरपूरकर आहे, थोडा इतिहास. अनाथाश्रम हा शब्दच वाईट असं कुणी समजू नये. पंढरपुरात १८७५ मध्ये लालशंकर उमियाशंकर नावाच्या न्यायाधीशांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. त्याआधी १८६३ मध्ये पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी स्वतःच्या घरात काढलं होतंच. पंढरपूरचं पुढं मुंबईच्या प्रार्थना समाजानं चालवलं, आज ते नवरंगे बालकाश्रम म्हणून लोकांना माहीत आहे. गंमत बघा, मूर्तिपूजा न मानणारी मंडळी आणि काम विठोबाच्या दारात. कारण गरजच तिथं होती. विधवा बाई वारीच्या निमित्तानं यायची, बाळंत व्हायची, आणि बाळ वाळवंटात सोडण्यापलीकडं तिला समाजानं वाट ठेवली नव्हती. त्या बाळांना खरोखर कुणी नव्हतं, म्हणून त्यांना पाळणा आणि छप्पर दिलं. तुमच्या अडतिसांची गरज तीच आहे का, एवढंच तपासा.

अंगणवाडी_मावशी

मी सेविका आहे, टायपिंगला वेळ लागतो म्हणून उशीर. सगळे मोठं मोठं बोलले, मी बारकं बोलते.

ताई, तुमच्याकडं चार वाजता येणारी पोरं सहा वर्षांच्या पुढची असणार. त्यांच्या पाठची कुठं असतात? तीन ते सहाची आमच्याकडं येतात, गरम आहार मिळतो. तीनच्या आतल्यांना आम्ही घरी न्यायचा आहार देतो, पण त्यांना दिवसभर सांभाळायला आमच्याकडं सोय नाही. आई सकाळी सातला कांड्या भरायला गेली की ते बारकं कुणाच्या कडेवर असतं? आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या. म्हणून ती बहीण शाळेत नसते. माझ्या भागात मी घरोघर जाते, मला दार उघडणारी तीच असते. कडेवर पोर, पोराच्या हातात बिस्किटाचा पुडा नाहीतर चहात बुडवलेली खारी.

दंडाला लावायची पट्टी असते आमच्याकडं, तीन रंगांची. सहा महिने ते पाच वर्षांच्या पोराचा दंड साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली भरला तर लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. साडेबारापर्यंत पिवळा. लाल आलं की डॉक्टरला दाखवायचं, भूक नसेल, सूज असेल, आजारी असेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात भरती करायचं. भरती म्हटलं की आई म्हणते, मी तिथं बसले तर हजार विड्या कोण वळणार? म्हणजे पोरगं लाल होतं ते आईचं प्रेम कमी पडतं म्हणून नाही. दिवस कमी पडतो.

तुमच्या देणगीदाराला म्हणावं, वस्तीतच एक खोली घ्या आणि पाळणाघर काढा. सकाळी सात ते संध्याकाळी सहा. एक बारकं सांभाळलं की दोन पोरं सुटतात, ते स्वतः आणि त्याची बहीण. खिचडीत फोडणीला तेल सढळ घाला, शेंगदाण्याचं कूट घाला, सोलापुरात शेंगांना काय तोटा. बारक्याचं पोट मुठीएवढं असतं, त्याला दोन-अडीच तासांनी थोडं थोडं लागतं. एक मोठं ताट देऊन उपयोग नाही.

हुरडा_पार्टी

मावशी, मी माझा सल्ला मागं घेतो. ५००० मात्र कायम.

तर्कटी

मावशींच्या प्रतिसादाला +१. देवावर नाही, पट्टीवर विश्वास बसला.

चादरवाला

तर्कटी साहेब, एवढं तरी बसलं. पाळणाघराला टॉवेल, दुपटी माझ्याकडून. निर्यातीचा माल, दोरा निघाला म्हणून बाजूला काढलेला असतो, वापराला एक नंबर.

पूर्वभागातली

दीड महिन्यानं येतेय. तुम्ही सगळ्यांनी लिहिलेलं मी वहीत उतरवून मंडळात वाचून दाखवलं. वडील बाई ‘भेटू देणार’ला गप्प झाल्या, मावशींच्या पट्टीला रडल्या.

देणगीदारांना भेटलो. ते काही लगेच पटवून घेणारे गृहस्थ नाहीत. म्हणाले, पाळणाघर म्हणजे नोकरदार बायकांची सोय, त्यात पुण्य काय? मी म्हटलं, दादा, आमच्या बाया नोकरदारच आहेत की, विडीवर. मग म्हणाले, भाड्याच्या खोलीवर आईचं नाव कसं शोभणार. या मुद्द्यावर दोन तास गेले. शेवटी ठरवलेल्या रकमेतला साधारण तिसरा हिस्सा द्यायला तयार झाले, तोही एका वर्षापुरता, पुढचं बघू म्हणाले. बाकीचा पैसा ते दुसरीकडं इमारतीला देणार आहेत. मला वाईट वाटलं, पण धरून ठेवण्याएवढं माझ्यात बळ नव्हतं.

एक घोळ झालाय. त्यांनी संगमरवरी पाटी आधीच कोरून घेतली होती, आईचं नाव आणि खाली ‘अनाथ बालकाश्रम’. ती टेम्पोतून आमच्याकडं आली. अशी लावली तर आया उंबरा ओलांडणार नाहीत. तूर्त भिंतीकडं तोंड करून ठेवलीय. कोरणारा म्हणतो, मागची बाजू घासून देतो, तिकडं हवं ते लिहा.

कागदांचं काम सुरू आहे. अकरा अर्ज तयार झाले, दोन दाखल केले. ज्या आईनं पोरगा पाठवणं बंद केलं होतं, ती अजून थोडी बिचकून आहे. पोरगा येतो, पण साडेसहाला ती स्वतः मंडपाच्या पायरीशी येऊन उभी राहते.

खोली मिळालीय, जुनं बांधकाम, वर सागवानी आडी शाबूत आहेत. पाळणे घ्यायला पैसे नाहीत म्हणून साड्यांच्या झोळ्याच बांधणार. सहा झोळ्या, बारा हुक लागतील. चांगले लोखंडी हुक सोलापुरात कुठं मिळतील? परवा उद्घाटनाला यायचं तर या, फोटो काढायचे नाहीत.

अडुसष्ट_लिंग

मधला मारुतीच्या आसपास हार्डवेअरच्या दुकानांत बघा. किती वजनाचे हवेत, ते सांगावं लागेल. तीस किलोचे मजबूत येतात, थोडे महाग.

अंगणवाडी_मावशी

एवढे नकोत. कालच सगळ्यांची वजनं केली. सगळ्यांत मोठा पावणेतीन वर्षांचा आहे, नऊ किलो भरला.

अडुसष्ट_लिंग

तरी तीसचेच घेऊ. मी आणून देतो.